फोटोतली गालिनी

मंगळवारी सकाळी कंपनीचा एजंट आमच्या घरी आला आणि बाबा जहाजावर वारले असं सांगून गेला. आईने गॅस बंद केला. मी शाळेचा गणवेश घातला होता. तो मी संध्याकाळपर्यंत काढला नाही.

त्यानंतरचे दिवस मला क्रमाने आठवत नाहीत. वस्तू आठवतात. गॅसवर अर्धवट शिजलेला उपमा दुपारपर्यंत तसाच होता. आमचं घर सिंगापुरात बुकित बातोकच्या एका ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट तेव्हा प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. भेटायला येणारी माणसं आठव्यावर उतरून एक जिना चढत येत, त्यामुळे कोण येतंय हे पावलांवरून आधीच कळायचं. शेजारच्या चिनी आजींनी संत्री आणली आणि दाराबाहेरच ठेवली. खालच्या मजल्यावरच्या मलय मावशींनी केळीच्या पानात गुंडाळलेला भात आणला, मग आम्ही सुतकात काय खातो हे ठाऊक नसल्याने तो हातातच धरून उभ्या राहिल्या. आईने तो घेतला. मिरजेहून मालिनी आत्या येईपर्यंत आम्ही दोघींनी तोच खाल्ला. बाबांना चौथ्या दिवशी विमानाने आणलं, आणि इथेच निरोप दिला. मी चौदा वर्षांची होते. पेटीवर बाबांचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं आणि त्यातलं एक अक्षर चुकलं होतं, ते मी बघत राहिले. बाकी काही मला त्या दिवशी समजलं असं म्हणता येणार नाही. आजही त्यातलं फारसं समजलं आहे असं नाही.

बाबा जहाजावर चीफ इंजिनिअर होते. त्यांची उमेदीची वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर गेली. तिथल्या खलाशांना ‘वसंत’ काही नीट म्हणता येईना, म्हणून त्यांनी बाबांचं वासिली करून टाकलं. ते त्यांच्याकडचं अगदी घरगुती नाव, आपल्याकडच्या रामासारखं. बाबांच्या पांढऱ्या इनॅमलच्या मगवर कुणीतरी लाल रंगाने इंग्रजी अक्षरांत वासिली असं रंगवलं होतं. सुट्टीवर घरी आले की ते ह्या गोष्टी सांगत, आणि बरोबर ऑलिव्हची एक मोठी बरणी आणत. आईला ऑलिव्ह कडवट लागत. तिने त्यांवर मोहरी-मेथीची फोडणी घालून, लाल तिखट लावून त्यांचं लोणचं करून टाकलं. दहीभाताबरोबर ते फार चांगलं लागे. बाबा म्हणत, हे एखाद्या ग्रीकाने पाहिलं तर तो माझ्याशी बोलायचा बंद होईल, आणि आणखी वाढून घेत.

माझं नावही त्यांनीच ग्रीकांकडून आणलं. मी मिरजेला आजोळी जन्मले तेव्हा बाबा समुद्रावर होते. आजोबांनी जहाजाला तार केली: मुलगी झाली, दोघी सुखरूप, भटजींनी सांगितलेलं अक्षर ‘गा’. आत्याने तोवर गायत्री ठरवून टाकलं होतं. पाळण्याला झेंडूही लागले होते. बारशाच्या आदल्या दिवशी बाबांचं उत्तर आलं. त्यात एकच शब्द होता, गालिनी. बारशाला मुलीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. भावाचा शब्द मोडवेना म्हणून तिने तेच नाव माझ्या कानात सांगितलं, पण कुर्र करताना तिचा चेहरा कसा झाला होता ते आई पुढे कितीतरी वर्षं नक्कल करून दाखवायची. पाळणा आईने रचला होता. मला तो अजून पाठ आहे:

मिरजेची आली आत्या मालिनी,
पाळण्याशी बसली मावशी शालिनी,
तळ्यात निजली पांढरी नलिनी,
जो जो बाळे, जो जो गालिनी.

आत्याचं नाव मालिनी आणि मावशीचं शालिनी असल्यामुळे हे नाव परक्या मुलखातून आलंय असं कुणाला वाटलंच नाही. ते आल्याबरोबर आमच्या घराच्या यमकात जाऊन बसलं. आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा इथल्या शाळेतही तेच झालं. बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, हे ग्रीक नाव आहे. माझ्या बाकावरची मुलगी इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, “वेअर गॉट? युअर नेम सो इंडियन, लाह.” तिचंही बरोबर होतं.

अर्थ बाबांनी सांगितला होता. वारा पडल्यावर समुद्र तेलासारखा सपाट होतो, त्या शांततेला ग्रीक भाषेत गालिनी म्हणतात. त्यांच्या जुन्या गोष्टींत समुद्रातल्या एका म्हाताऱ्या देवाला पन्नास मुली होत्या, त्यांतली एक गालिनी. मी पुढे आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली आणि ह्या शब्दाचं मूळ शोधायचा नाद काही सुटला नाही. एक कोश त्याचं नातं हसण्याशी जोडतो. दुसरा म्हणतो की मूळ अनिश्चित. ज्या दिवशी जो कोश हाती येतो त्या दिवशी मला तो खरा वाटतो.

बाबांची ट्रंक तेरावं होऊन गेल्यावर आली. जहाजाने ती पुढच्या बंदरात उतरवली होती आणि तिथून ती हळूहळू आमच्याकडे पोचली. आई आणि आत्या जमिनीवर बसून एकेक वस्तू काढत होत्या. बॉयलर सूट, तीन शर्ट, दाढीचं सामान, माझी पत्रं रबर बँड लावून ठेवलेली, तो मग. आणि एका पुस्तकात एक फोटो. समुद्राकाठच्या दगडी पायऱ्यांवर सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. केस कुरळे, पायात मोजे नाहीत, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. मागे ग्रीक लिपीत एक ओळ होती आणि तिच्याखाली, आपल्याला वाचता यावं म्हणूनच जणू, इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: गालिनी वासिली. पुढे आडनाव असावं, पण तिथे पाणी पडून शाई पसरली होती.

आपल्याकडे मुलीच्या नावापुढे जे पुरुषाचं नाव येतं ते बापाचं. माझ्या शाळेच्या प्रत्येक वहीवर गालिनी वसंत असंच लिहिलेलं होतं. आत्याने फोटो उन्हात धरून दोनदा वाचला.

“सुमन,” ती आईला म्हणाली, “वासिली म्हणजे आपला वसूच ना?”

आईने मगकडे पाहिलं. “त्यांना तिथे तसंच म्हणायचे, वन्सं,” ती म्हणाली, आणि फोटो परत पुस्तकात ठेवून तिने पुस्तक कपाटात ठेवलं.

त्या दिवसापासून आईने मला नावाने हाक मारली नाही. पहिले दोन-तीन दिवस माझ्या लक्षातही आलं नाही. मग आलं. ती म्हणायची, अगं ऐक. आत्याला म्हणायची, हिला वाढा. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात हाक मारायची तशी गरज नसते, पण आधी ती उगीचच मारायची. स्वयंपाकघरातून, बाल्कनीत बांबूवर कपडे वाळत घालताना, काही काम नसतानाही. आता खालून भंगारवाल्याचा भोंगा ऐकू यायचा, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, पोरं फुटबॉल भिंतीवर मारायची तो आवाज यायचा, आणि माझं नाव तेवढं यायचं नाही. ती माझ्यावर रागावली नव्हती. माझ्या ताटात आधीपेक्षा जास्तच वाढत होती. ऑलिव्हच्या लोणच्याची शेवटची बरणी तिने माझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि स्वतः त्याला हात लावत नव्हती. मी काय केलं हे मला कळत नव्हतं, आणि मी काहीच केलेलं नाही हे कळत होतं, त्यामुळे माफी कशाची मागायची हेही कळत नव्हतं.

आत्याने तोडगा काढला. आम्ही दोघींनी मिरजेला परत यावं. घर होतं, माणसं होती. तिथल्या शाळेत माझं नाव घालताना गायत्री घालायचं. अक्षर तेच राहील, पत्रिकेलाही धरून होईल. “लग्नात नाव बदलतंच,” ती म्हणाली, “हिचं थोडं आधी बदललं समज.” आई तांदूळ निवडत होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिने नाही म्हणावं म्हणून मी दारात उभी होते. आत्याने ते गप्प राहणं होकार समजून दुसऱ्या दिवशी मिरजेच्या शाळेत ओळखीच्या बाईंना पत्र टाकलं. आज मला आत्याचा राग येत नाही. तिचा भाऊ गेला होता, आणि निस्तरता येईल अशी एवढी एकच गोष्ट तिच्यासमोर होती.

मला मात्र तेव्हा वाटलं की बाबा एकदा गेलेच आहेत, आता ते नाव गेलं की दुसऱ्यांदा जातील. आणि त्याच वेळी असंही वाटे की ते नाव मुळात माझं नव्हतंच. दुसऱ्या कुणाचं तरी होतं, आणि मला ते वापरलेलं मिळालं. मी कपाट उघडून त्या मुलीकडे पाही. ती माझ्यासारखी दिसत नव्हती. मग आरशात पाही. मग परत फोटोत. जास्त वेळ पाहिलं की कपाळ सारखं वाटू लागे.

पेडणेकर काका बाबांचे वेंगुर्ल्याकडचे मित्र. जहाजावरची नोकरी सोडून ते तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले होते. दर रविवारी यायचे, आईशी दोन वाक्यं बोलायचे आणि पंखा, नळ, बिजागरी असं काहीतरी दुरुस्त करून जायचे. एका रविवारी ते पंख्याखाली स्टुलावर उभे असताना मी फोटो त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो पाहिला, मागची बाजू पाहिली आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. ह्या मुलीबद्दल वसंता कधी बोलला नव्हता, म्हणाले. पण यार्डात एक ग्रीक जहाज आलंय, त्याचा कॅप्टन वाचून दाखवील. आईला सांगायचं नाही हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगून मी शाळेच्या गणवेशातच बसमध्ये बसले. तुआसपर्यंत वस्ती संपत जाते आणि मग नुसत्या भिंती आणि क्रेन. गेटवर काकांनी माझ्यासाठी पास काढला आणि माझ्या डोक्यावर मोठं होणारं हेल्मेट घातलं. सुक्या गोदीत उभं केलेलं जहाज मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पाण्याखाली असतो तो सगळा भाग उघडा, शेंदरी लाल, आणि त्यावर माणसं लोंबकळून हातोड्यांनी गंज काढत होती. तो आवाज इतका होता की जिना चढताना काका मला काय सांगत होते त्यातलं काही मला ऐकू आलं नाही.

कॅप्टन म्हातारे होते. त्यांनी आम्हाला बसवलं आणि छोट्या बशीत चमचाभर पाकातली चेरी आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. आपल्याकडे आल्यागेल्याला गूळपाणी देतात तसं. मी ते खाईपर्यंत त्यांनी फोटो हातात घेतला नाही. मग चष्मा लावला आणि त्यांच्या तुटक इंग्रजीत सांगितलं की ओळ अशी आहे: आमच्या वासिलीला, गालिनीकडून. खाली मुलीचं नाव, मग तिच्या वडिलांचं नाव. त्यांच्याकडेही मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतात. आडनाव त्यांनाही लागलं नाही.

मी विचारलं, कुठला वासिली? ते हसले. म्हणाले, माझ्या ह्या जहाजावरच तीन आहेत.

काकांनी त्यांना सांगितलं की हिच्या वडिलांनाही जहाजावर वासिली म्हणत, आणि हिचं नाव गालिनी आहे. कॅप्टनचं हसू गेलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे. मी घरी आरशापुढे करायचे तसंच. मग ते सावकाश म्हणाले की त्यांच्याकडे मुलीला आजीचं नाव ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे एकेका बेटावर एकच नाव पुन्हापुन्हा येतं. हा फोटो मित्राच्या मुलीचा असू शकतो. बोटीवरच्या माणसाला मित्राच्या घरचे ‘आमचा’ म्हणतात. “मे बी,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, “मे बी.” निघताना त्यांनी माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटवर हात ठेवला.

परतीच्या बसमध्ये काकांनी फोटो स्वतःच्या खिशात ठेवला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी वहिनींना सांगणार, ते चेडू वासिली नावाच्या सारंगाचं, डेकवरच्या मुकादमाचं. वसंता नि तो एका बोटीवर होते, घरी जेवायला जायचे. पोरीचं नाव वसंताला आवडलं, म्हणून तुला ठेवलं.”

“पण कॅप्टन असं नाही म्हणाले.”

“नाय म्हणाले. पण ह्याच्या उलट पण नाय म्हणाले, गो.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू माझ्या बाजूला बसून ऐकलंस. तुला वाटलं तर तू मोडता घाल. मी रागावणार नाय.”

आई जमिनीवर बसून रात्रीच्या भाताचे तांदूळ मोजत होती, बाबांच्या त्याच मगने. ट्रंक आल्यापासून ती तो मापाला वापरत होती. आत्या खुर्चीवर वाती वळत होती. काकांनी चप्पल काढली, फोटो आईपुढे ठेवला आणि बसमध्ये ठरवलं होतं तसं सगळं सांगितलं. थोडं जास्तच सांगितलं. सारंगाच्या बायकोने बाबांना मासे करून घातल्याचंही सांगितलं. आई ऐकत होती. तिने मग खाली ठेवला. मग ती काकांकडे न बघता माझ्याकडे वळली.

“गालिनी,” ती म्हणाली, “कॅप्टन असं म्हणाले?”

ट्रंक उघडल्यापासून तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. मला वाटतं, तिने आणखी काहीही विचारलं असतं तरी मी तेच उत्तर दिलं असतं.

“हो,” मी म्हणाले.

आईने मान हलवली आणि मगभर तांदूळ भांड्यात ओतले. थोड्या वेळाने ती आत्याला म्हणाली, “वन्सं, शाळेच्या बाईंना कळवून टाका. आम्ही इथेच राहू. आणि हिचं नाव राहू दे.” आत्या वाती वळत राहिली. मग म्हणाली की नाव तिनेच कानात सांगितलंय, तिच्या तोंडून गेलंय, तेव्हा राहिलं तर राहिलं, तिला काय त्याचं. पुढच्या आठवड्यात ती मिरजेला गेली. तिची पत्रं शेवटपर्यंत येत राहिली. वर ‘चि. गा. हिस’ एवढंच लिहिलेलं असे.

आईने एका बालवाडीत काम धरलं आणि मला शिकवलं. त्या फोटोबद्दल तिने मला पुन्हा कधीही विचारलं नाही. मी चाळीस वर्षांची झाले, पन्नासची झाले, अनेकदा सांगायला म्हणून तिच्याजवळ जाऊन बसले. ती विचारायची, काय गं गालिनी? मी म्हणायचे, काही नाही. खरं सांगायचं तर सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. कॅप्टन ‘मे बी’ म्हणाले होते, आणि एवढंच सांगण्यासाठी मी तिची झोप का उडवायची? पण कधीकधी वाटतं की मी ते तिच्यासाठी नाही, माझ्या हाकेसाठी दडवलं. पेडणेकर काका गेले तेव्हाही मला हेच वाटलं, की आता ते खोटं माझ्या एकटीचं झालं.

ह्या वर्षी आई गेली. शेवटच्या महिन्यात ती माणसं ओळखेनाशी झाली होती, पण पाळणा म्हणायची. तिसऱ्या ओळीला अडायची, आणि मी ‘नलिनी’ म्हटलं की चौथी पुरी करायची. दिवस झाल्यावर मी तिचं कपाट आवरायला घेतलं. तिचा एक अल्बम होता, त्यात मी कधी बघितलं नव्हतं, कारण त्यात काय असणार हे मला माहीत आहे असं मी धरून चालले होते. एका पानावर माझा आठव्या वर्षीचा फोटो आहे, आमच्या बुकित बातोकच्या जुन्या दगडखाणीतल्या तळ्याकाठी काढलेला, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. शेजारी, त्याच मापाचे कोपरे लावून, त्या मुलीचा फोटो आहे. खाली आईच्या अक्षरात एकाच ओळीत दोन्ही फोटोंसाठी मिळून एकच नाव आहे: गालिनी.

मी ते पान रोज पाहते. आईने काकांवर विश्वास ठेवला म्हणून ते दोन फोटो शेजारी लावले, की ठेवला नाही म्हणून लावले, मला कळत नाही. एक दिवस एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. शाई पसरलेलं आडनाव मी भिंगातून पाहिलं आहे. ते लागत नाही.

मगवरची अक्षरं पुसट झाली आहेत, तांदूळ मी अजून त्यानेच मोजते. ती मुलगी जिवंत असेल तर आता साठीच्या पुढे असेल. ती कोण, हे मला माहीत नाही. मला ह्या नावाने हाक मारणारं घरात आता कुणी नाही.